तव्यावरचा ब्रेड दर वेळी तेलकट आणि लिबलिबीत होतोय? आधी वाफेची वाट बघा

आमच्या घरात रविवारी मिसळ असते आणि मिसळीबरोबर ब्रेड. पाव नाही, ब्रेड. पुण्या-मुंबईच्या पाव्हण्यांना याचं नवल वाटतं, पण कोल्हापुरात मिसळीच्या ताटलीशेजारी चौकोनी स्लाइसच येतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. फरक एवढाच की हॉटेलात तो ब्रेड पाकिटातून काढलेला मऊच मिळतो, आणि आमच्याकडे तो तव्यावर तेलातुपात खरपूस करून लागतो. कट पातळ आणि जाळ असतो. मऊ स्लाइस बुडवला की अर्धा वाटीतच राहतो आणि मग चमच्यानं शोधत बसावं लागतं. नीट तळलेला स्लाइस कट पितो, पण हातात शाबूत राहतो.

नीट तळलेला म्हटलं, कारण कित्येक वर्षं तो आमच्याकडे नीट तळला जातच नव्हता. दर रविवारी तीच गत. पहिल्या स्लाइसचे चारही कोपरे काळे आणि पोट पांढरंफटक. दुसरा-तिसरा बरा निघायचा. पाचव्यापासून पुढचे तेल असे प्यायचे की बोटानं दाबलं तर निथळेल. आणि जे दोन बरे निघायचे तेही सगळे जेवायला बसेपर्यंत ताटलीत खालून ओले होऊन बसायचे. तेल कमी केलं की ब्रेड वातड, जास्त केलं की तेलकट. ब्रेडची बेकरी बदलली, तेल बदललं, तूप आणलं. गत तीच.

मध्ये टोस्टर घेतला होता. त्यात कुरकुरीत होतो, पण त्याला तुपाची चव नसते आणि खणं दोनच. सहा माणसांना पुरवायचं म्हणजे पहिला खाऊन उठतो तेव्हा शेवटच्याचा स्लाइस उडी मारतो. पुढं २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, घरात पाव्हणे भरलेले, वीज नाही. गॅस होता, तवा होता आणि कुणीतरी आणून दिलेली ब्रेडची पाकिटं होती. दिवसाला तीस-चाळीस स्लाइस तव्यावर टाकताना पहिल्यांदा मी हे काम लक्ष देऊन बघितलं. मी उद्यमनगरात मशीनशॉप चालवतो. एकच जॉब परत परत रिजेक्ट होत असेल तर कामगाराला शिव्या घालून उपयोग नसतो, सेटिंगमध्ये कुठंतरी चूक असते, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षीच कळतं. ब्रेडच्या बाबतीत ते कळायला मला एवढा मोठा पूर लागला.

दुखणं तेलाचं नाही, पाण्याचं आहे

पाकिटातल्या साध्या ब्रेडमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त पाणी असतं. २८ ग्रॅमच्या स्लाइसमध्ये साधारण १० ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे. हातात कोरडा लागणारा स्लाइस दोन चमचे पाणी पोटात घेऊन तव्यावर येतो. हे पाणी जिथं आहे तिथं ब्रेडचं तापमान पाणी उकळण्याच्या वर जात नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळं आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. आणि ब्रेडला सोनेरी रंग, खरपूस वास यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढं जावा लागतो. म्हणजे पाणी गेल्याशिवाय रंग नाही.

आता टोस्टर आठवा. लाल झालेल्या तारा दोन्ही बाजूंनी एकदम तापवतात, आणि खण वरून उघडा. वाफ निघाली की सरळ वर जाते. तव्यावर मात्र खालची बाजू बंद असते. खाली तयार झालेली वाफ जाणार कुठं? स्लाइसमधूनच वर. वरची बाजू थंड असते, तिथं ती वाफ थोडी परत पाणी होते. एक बाजू होत आली की वरच्या बाजूला बोट लावून बघा, सुरुवातीपेक्षा ओलसर लागेल. मग आपण स्लाइस उलटतो. आता ओली बाजू खाली, आणि वर आधीची कडक पापडी बसलेली. वाफेला वरूनही वाट अरुंद झाली. म्हणून पहिली बाजू बरी आणि दुसरी लिबलिबीत, हे दर वेळी होतं. यात हाताचा गुण वगैरे काही नाही.

तेल पिण्याचंही गणित इथंच सुटतं. ब्रेड म्हणजे स्पंज. छिद्रांतून वाफ जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला अडचण असते. वाफ मंदावली किंवा सुरूच झाली नसेल, म्हणजे तवा कोमट असेल, तर तेल आरामात आत जातं. आणि तव्यावरून काढल्यावर ब्रेड थंड होताना आतली वाफ आकसते, तेव्हा पृष्ठभागावर राहिलेलं तेलही आत ओढलं जातं. भजी तेलातून काढल्याकाढल्या झाऱ्यावर निथळायची असतात ती याच कारणानं. वाफ कधी निघते, कुठून निघते आणि कुठं अडकते एवढं बघितलं तर बाकीच्या तक्रारी आपोआप मार्गी लागतात.

उपाय: आधी कोरडा शेका, मग तेल

तवा मध्यम-मंद आचेवर तापू द्या. तेल, तूप काही नको. स्लाइस कोरड्या तव्यावर ठेवा, पाऊण मिनिटानं उलटा, परत पाऊण मिनिट, आणि हवं तर अजून एकदा दोन्हीकडून. रंग आणायचा नाही. बोटाखाली कागदासारखी पातळ कोरडी पापडी लागली की बास. माझ्या काट्यावर २८ चा स्लाइस एवढ्यात २५ वर येतो. तीन ग्रॅम पाणी गेलं, आणि गेलं ते पृष्ठभागातलं, जिथं ते नडतं. आतला मऊपणा जागेवर राहतो.

सगळे स्लाइस असे शेकून जाळीवर उभे करून ठेवायचे. मग दुसऱ्या फेरीत तेल-तूप लावून एकेक बाजू मिनिटभर. दोन फेऱ्या म्हणजे वेळ दुप्पट असं वाटतं, पण दुसरी फेरी झटपट होते. शेकलेले स्लाइस अर्धा तास राहिले तरी बिघडत नाहीत, उलट सुधारतात. उसळ शिजत असतानाच पहिली फेरी उरकून घ्यायची आणि कट ओतायला घेतला की दुसरी.

आईनं पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा म्हणाली, "आरं, ब्रेड हाय त्यो, लेथवरचा जॉब न्हवं. रफिंग, फिनिशिंग काय लावलंयस?" बाबांच्या काळापासून ती वर्कशॉपचे शब्द ऐकत आली आहे. लेथवर आधी जाडंभरडं कापून घेणं म्हणजे रफिंग, आणि शेवटचा साफ हात म्हणजे फिनिशिंग. नकळत तिनं बरोबर नाव ठेवलं. घरात आता पहिल्या फेरीला रफिंगच म्हणतात.

तवा सपाट आहे का, हे एकदा मोजा

काळे कोपरे आणि पांढरं पोट ही तक्रार मात्र कोरडं शेकूनही पूर्ण जाईना. तेव्हा शॉपमधून एक फुटाची स्टीलची स्केल आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पानांची जुडी) घरी आणली. सौ. म्हणाल्या, "अहो, ते ग्रीसचे हात आधी धुवा." धुतले, आणि पोळीच्या तव्यावर स्केल आडवी ठेवली. मध्ये गेजची पानं एकावर एक घालत गेलो, तरी फट भरेना. शेवटी गेज बाजूला ठेवली. एवढ्या फटीला गेज कसली, डोळ्यांनी दिसत होती.

पोळीचा तवा मुळातच थोडा खोलगट असतो. पोळी मऊ असते, ती त्या खोलगटपणात बसते. ब्रेडचा स्लाइस सुरुवातीला थोडा वाकतो, पण कडा कडक झाल्या की पाटासारखा ताठ राहतो. चार कोपरे तव्याला टेकलेले आणि पोट अधांतरी. त्यात ओतलेलं तेल उतार शोधत मध्यभागी जमतं. म्हणजे जिथं ब्रेड टेकत नाही तिथं तेलाचं तळं, आणि जिथं टेकतो तिथं कोरडं. पोट तेल पितं आणि कोपरे करपतात. ही एकच चूक दोन तक्रारी देते, म्हणून आम्ही वर्षानुवर्षं दोन वेगवेगळी औषधं शोधत राहिलो.

उलटंही असतं. पातळ तवा जुना झाला की कधी मधून फुगतो. मग मधोमध रुपयाएवढा काळा डाग आणि कडा पांढऱ्या. तसं असेल तर स्केल मध्यभागावर टेकून दोन्ही बाजूंना डुलते. स्केल नसली तरी चालतं. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का बघा.

डोशाचा जाड सपाट तवा असेल तर तोच वापरा. माझं मत बिडाच्या तव्याच्या बाजूनं आहे, आणि त्यात पक्षपात आहे हे कबूल. या गावात इतकी बिडाची कास्टिंग ओतली जातात की बीड म्हटलं की मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. बीड तापायला वेळ लावतं, पण एकदा तापलं की थंड ब्रेड टाकला तरी लगेच बसत नाही. पातळ पत्र्याच्या तव्यावर चौथा-पाचवा स्लाइस तेल पितो त्याचं कारण हेच. प्रत्येक स्लाइस तव्याची उष्णता खेचून घेतो, आपण लगेच पुढचा टाकतो, तवा कोमट, वाफ नाही, आत तेल. पातळ तवाच असेल तर दोन स्लाइसच्या मध्ये अर्धा मिनिट थांबा. हे सगळ्यात कंटाळवाणं पण फुकटचं औषध आहे.

बिडाच्या तव्यावरून एक फजिती सांगतो, म्हणजे कुणी करणार नाही. नवा तवा वाळूच्या साच्यातला, खडबडीत. मला राहवलं नाही. शॉपमध्ये लेथला लावून आतून कापून सपाट करून आणला. आरशासारखा सपाट, फट शून्य. त्या रविवारी सहाच्या सहा स्लाइस तव्याला चिकटले, आणि सोमवारी सकाळी तवा नारिंगी. बिडावर तेलाचा थर तापून तापून बसतो, तोच न चिकटण्याचं आणि न गंजण्याचं काम करतो. माझ्या तव्यावर तो थर बसलेलाच नव्हता, आणि त्याला धरायला मदत करणारा खडबडीतपणाही मी कापून काढला होता. मग तवा घासून कोरडा करायचा, तेलाचा अगदी पुसट हात द्यायचा, धूर निघेपर्यंत तापवायचा, गार करायचा, परत तेल. असं पाच-सहा वेळा केल्यावर तो कामाला लागला. नवा बिडाचा तवा आणलात तर हे तेवढं करा. लेथवर नेऊ नका.

नॉनस्टिकवर ब्रेड छान होतो, फक्त रिकामा तवा मोठ्या आचेवर तापत ठेवू नका. २६० अंशांच्या पुढं त्याचा थर बिघडायला लागतो, आणि रिकामा तवा तिथवर जायला फार वेळ लागत नाही.

आच किती?

शॉपमध्ये तापमान बघायची इन्फ्रारेड गन आहे, तीही आणली होती. काळ्या बिडावर ती बरी चालते. चकचकीत स्टीलवर मात्र खोटं सांगते, चकाकी तिला फसवते. पण गनची गरज नाही. पाण्याचे दोन थेंब तव्यावर शिंपडा. थेंब बसून राहिला आणि हळूहळू बुडबुडे आले तर तवा थंड आहे. चर्र करून दोन-तीन सेकंदांत उडाला तर बरोबर. थेंबाची गोळी होऊन ती पाऱ्यासारखी तव्यावर पळायला लागली तर तवा ब्रेडसाठी फार तापलाय, आच कमी करून मिनिटभर थांबा. आमच्याकडे फोडणीच्या आचेवरच ब्रेड टाकायची सवय होती. बाहेरून दोन मिनिटांत काळा, आतून कच्चट गार.

काळा झालेला भाग खाऊ नको, खरवडून टाक असं मी मुलीला सांगतो तेव्हा ती विचारते का. २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की पिठूळ पदार्थ जास्त आचेवर तळले-भाजले की त्यात अॅक्रिलामाइड नावाचं, आरोग्याला घातक ठरू शकणारं रसायन तयार होतं, आणि रंग जितका गडद तितकं ते सहसा जास्त. सोनेरी रंगावर थांबलेलं चवीलाही बरं असतं.

रंगावरून अंदाज घेताना ब्रेड कुठला ते बघा. मिल्क ब्रेडमध्ये साखर आणि दूध जास्त, तो साध्यापेक्षा लवकर लाल होतो. बऱ्याच ब्राऊन ब्रेडमध्ये कॅरॅमलचा रंग घातलेला असतो, तो पाकिटातच भाजल्यासारखा दिसतो. त्याला आवाजावरून ओळखा. उलथण्याच्या टोकानं वाजवला की खरखर यायला पाहिजे.

तेल तव्यावर नको, ब्रेडवर

हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं. तव्यावर चमचाभर तेल सोडून त्यात स्लाइस टाकला की जी बाजू आधी पडते ती सगळं तेल एका सेकंदात पिते. उलटल्यावर दुसऱ्या बाजूला काहीच उरत नाही, मग आपण परत तेल सोडतो. एका स्लाइसला दोन चमचे कधी गेले कळत नाही. त्यापेक्षा शेकलेल्या स्लाइसवर चमच्याच्या पाठीनं किंवा ब्रशनं तूप पसरा, कडेपर्यंत. दोन्ही बाजूंना मिळून एक चहाचा चमचा पुरतो. एक चमचा म्हणजे सुमारे ४० कॅलरी. आमच्या घरात कॅलऱ्या कुणी मोजत नाही, पण डॉक्टरांनी आईला मोजायला सांगितल्यात.

आता काय लावायचं? बाजारातल्या बटरमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश, उरलेल्यात पाणी, मीठ आणि दुधाचा थोडा अंश. पाणी परत ब्रेडवर आलं, आणि दुधाचा अंश १५० अंशांच्या आसपास काळवंडायला लागतो. म्हणून बटरमध्ये केलेल्या ब्रेडवर काळे ठिपके येतात. बटरमध्ये थोडं तेल घातलं की ते जळत नाही असं सगळीकडे सांगतात. ते खरं नाही. जळतं ते दुधाचं, आणि ते तेल घातल्यानं कुठं जात नाही, फक्त पातळ होतं.

घरचं लोणी तर अजून अवघड. गंगावेशीच्या कट्ट्यावरून म्हशीचं दूध आणून साय साठवणारी घरं अजून आहेत, आमचं त्यातलंच. त्या लोण्याची चव कशालाच नाही, पण त्यात ताकाचा अंश राहिलेला असतो. लोणी डोशावर शेवटी घालतात, तळायला वापरत नाहीत. ब्रेडलाही तोच न्याय लावा. तुपात तळा आणि ताटलीत आल्यावर वर लोण्याचा गोळा ठेवा.

तूपच सगळ्यात सोपं. त्यात पाणी नाही, दुधाचा अंश गाळून गेलेला, आच सोसतं. थंडीत रवाळ तूप ब्रेडवर छान पसरतं, उन्हाळ्यात पातळ होतं तेव्हा ब्रश घ्या. शेंगतेलही चांगलं, आणि मिसळीबरोबर त्याचा वास जुळतो. निम्मं तूप, निम्मं शेंगतेल हा आमच्याकडचा सध्याचा तह आहे.

चटणी लावून तळायची असेल तर

कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, हे बाहेरच्या वाचकांसाठी. तूप लावलेल्या ब्रेडवर चिमूटभर चटणी म्हणजे दुपारच्या चहाचं काम होतं. पण ती आधी लावून तव्यावर पालथी घातली की खोबरं, तीळ, लसूण आणि मिरची सगळं ब्रेडच्या आधी जळतं, ठसका घरभर. पहिली बाजू तळून वर आली की त्या गरम बाजूवर चटणी पसरा आणि खालची बाजू होऊ द्या. वरच्या गरमीत ती फुलते, जळत नाही. ही बाजू परत तव्याकडे न्यायची नाही.

अंड्यात बुडवून करणार असाल तर वरचं बरंच लागू नाही. तिथं ब्रेडनं प्यायलाच पाहिजे. फक्त शेकून घेतलेला स्लाइस अंडं धरून ठेवतो आणि फाटत नाही, एवढं सांगतो.

शिळा ब्रेड म्हणजे कोरडा ब्रेड नव्हे

कालचा ब्रेड तळायला बरा असतो हे खरं. तो घट्ट असतो, फाटत नाही. पण कडक लागला म्हणून त्यातलं पाणी गेलं असं समजू नका. बूसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८५२ मध्येच दाखवलं होतं की ब्रेडमधलं पाणी बाहेर जाऊ दिलं नाही तरी तो शिळा होतो, आणि गरम केला की बऱ्यापैकी परत मऊ होतो. कडक होतो तो आतला स्टार्च परत घट्ट रचला जातो म्हणून. ही रचना सगळ्यात वेगानं होते फ्रिजच्या थंडाव्यात. म्हणून फ्रिजमधला दोन दिवसांचा ब्रेड दगडासारखा लागतो, आणि तव्यावर टाकला की वाफ मात्र नव्याएवढीच सोडतो. त्यालाही रफिंग चुकत नाही. जास्त दिवस ठेवायचा असेल तर फ्रीजरमध्ये ठेवा. तिथून काढलेला स्लाइस आधी जाळीवर ठेवून पूर्ण मोकळा होऊ द्या. त्यावरचा बर्फ तव्यावर वितळला की तोच लगदा परत.

आणि आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर इथं मीठ ओलं, पापड नरम, आगपेटीची काडी पेटत नाही. या दिवसांत स्लाइस ताटात उघडे ठेवून सुकतील ही आशा सोडा, ते उलट दमट होतात. ज्यांना हा त्रास फक्त पावसाळ्यात होतो त्यांनी दुसरं काही शोधू नये. पहिल्या फेरीत अर्धा मिनिट जास्त द्या आणि तळलेला ब्रेड लगेच खा. जुलैत कुरकुरीतपणाचं आयुष्य फार थोडं असतं.

काढल्यावर कुठं ठेवता?

इथं आमचे निम्मे स्लाइस मरायचे. तव्यावरून बरोबर निघालेला ब्रेड स्टीलच्या ताटलीत सपाट ठेवला की खालून वाफ निघते, थंड स्टीलला लागून पाणी होते, आणि तेच पाणी ब्रेड परत पितो. एकावर एक रचले तर विचारूच नका. कागदावर ठेवले तरी तेच, तेल टिपलं जातं पण वाफ अडकते. वरून झाकण घातलं, गरम राहावं म्हणून, तर मग भाजायला नको होतं.

पापड-वांगं भाजायची तारेची जाळी प्रत्येक घरात असते. ती एका परातीवर आडवी टाका आणि तळलेले स्लाइस त्यावर ठेवा, किंवा दोन-दोन स्लाइस एकमेकांना टेकवून तंबूसारखे उभे करा. दोन्ही बाजूंनी हवा लागली पाहिजे. तव्यावर असतानाही झाकण घालू नका, आणि उलथण्यानं दाबत बसू नका. पहिले चार-पाच सेकंद हलक्या हातानं टेकवला की पुरे. जोर दिला की आतली छिद्रं बसतात आणि ब्रेडची पोळी होते.

हे सगळं करूनही बिघडत असेल तर एक चाचणी घ्या. एकाच पाकिटातले दोन स्लाइस. एक कोरडा शेकून तळा, एक न शेकता, बाकी सगळं सारखं, आणि दोन्ही जाळीवर पाच मिनिटं ठेवून मोडून बघा. दोन्ही सारखेच मऊ निघाले तर आच कमी आहे. दोन्ही वातड निघाले तर आच कमी आणि वरून वेळही जास्त, ब्रेड आतपर्यंत वाळला. शेकलेला चांगला आणि दुसरा वाईट निघाला तर तवा-आच बरोबर आहे, फक्त पहिली फेरी चुकवू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. आमच्यासारखं बेकरी, तेल आणि तवा एकाच रविवारी बदलून बसलात तर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही.

सध्या आमच्याकडे सहा माणसांना बारा स्लाइस निघतात आणि बारावा पहिल्यासारखाच खरखर वाजतो. खरं तर दहाच तळतो. आईला ब्रेड मऊच लागतो, हॉटेलातल्यासारखा, कटात विरघळणारा. तिचे दोन पाकिटातून काढून तसेच ताटलीत ठेवायचे.